आभाळाची खानेसुमारी

मंगळवार, ५ मार्च १९१२

पोचलो एकदाचा! बडोद्याला गोयागेटहून छोटी गाडी, मग बहादरपुरापासून बैलगाडी. पाच कोस. कंबरेचा पार भुगा. कानात अजून कालच्या धुळवडीचा गुलाल आहे.

सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यातल्या दोन खानेसुमाऱ्या. अख्ख्या पाणीगेटातली माणसं मोजली, गाढवं मोजली, विहिरी मोजल्या. आता पेन्शनीला दोन वर्षं उरली असताना मला शिकारखात्यात उसना दिला आणि हुकूम काय – तर डोंगरावर बसून शिकारी पक्षी मोजा! दर वसंतात ते या डोंगरधारेवरून उत्तरेला जातात म्हणे. किती जातात, ते साहेबांना हवंय. कशाला हवंय ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. विचारायची सवयच नाही.

सौ.ने निघताना विचारलं, "मेलं आभाळात मोजायला तुम्हीच सापडलात?" मी म्हटलं, माझा आकडा चुकत नाही, म्हणून मी. तर ती डब्यात शंकरपाळे भरत राहिली.

बुधवार, ६ मार्च

पहाटे धारेवर. खाली राठवा लोकांचं गाव, वर बोडका कातळ, एक पळस – तो मात्र फुलून लाल झालाय. उत्तरेला पावागड धुरकट दिसतो. मी, छत्री, खात्याची दुर्बीण. दुर्बिणीच्या एका भिंगाला चीर आहे, त्यामुळे प्रत्येक पक्ष्याच्या पोटावर रेघ दिसते.

नोंदीला कागद दिलेत ते खानेसुमारीचे उरलेले! रकाने छापील: नाव, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, धंदा, जन्मस्थान. दीडशे कागदांवर पट्टीने रेघा मारून ते खोडले. 'धंदा' तेवढा ठेवलाय. सगळ्यांचा एकच आहे.

मोजायची माझी रीत – डाव्या खिशात शंभर चिंचोके. दहा पक्षी झाले की एक चिंचोका उजव्या खिशात. आजचे ऐंशी.

शुक्रवार, ८ मार्च

रंगपंचमी. एकशे चोवीस. मान अवघडली.

रविवार, १० मार्च

पाच दिवसांचे सहाशे बारा! आज टपालाने अहवाल धाडला. खाली लाल शाईने लिहिलं – 'या मानाने महिनाअखेर तीन हजारांवर जातील असा अदमास आहे.' दोनदा अधोरेखित केलं. का करू नये? एकटा माणूस, उन्हातान्हात, आणि असं चोख काम. साहेबांना कळू दे जरा.

गावातला एक म्हातारा रोज वर येऊन बसतो. आज धीर करून त्याने विचारलं, "साहेब, आकाशमां शुं गणो छो?" काय मोजतो आभाळात? मी म्हटलं, पक्षी. त्याने बराच वेळ वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग उठून गेला.

मंगळवार, १२ मार्च

मेलो! तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आज शिधा घेऊन प्रतापराव आले. खात्यातले जुने. वय साठीच्या पुढे, गलमिशा पांढऱ्याफेक. तीस वर्षं दरबारचे ससाणे सांभाळले त्यांनी. हातावर बसवायचे, तितरावर सोडायचे. सहा वर्षांपूर्वी ते पक्षीघर बंद झालं, तेव्हापासून नुसते बसून आहेत. डाव्या मनगटावर नखांचे वण. माझ्याशेजारी बसले, पान लावलं, मी मोजताना बघत राहिले. असा तासभर.

मग म्हणाले, "ही घार तुम्ही किती वेळा लिहिलीत?"

मी म्हटलं, कुठली घार?

त्यांनी बोट केलं. उजव्या पंखातलं एक पीस नाही तिच्या. समोरच्या आंब्यावर घरटं आहे. सकाळपासून ती धारेला घिरट्या घालतेय, आणि मी प्रत्येक फेरीला तिला नवीन पाहुणी म्हणून लिहितोय! मी वहीत पाहिलं. अकरा वेळा.

मग त्यांनी समजावलं. जो घिरट्या घालून पुन्हा खाली येतो तो इथला रहिवासी. जो घिरट्या घालत वर वर चढतो, ठिपका होतो, आणि मग पंख न हलवता सरळ उत्तरेला घसरत जातो, तो प्रवासी. प्रवासी तेवढाच मोजायचा. अहो, हे तर मला कळायला हवं होतं! खानेसुमारीत रहिवासी कोण, पाहुणा कोण, हे मीच इतर मोजणीदारांना शिकवलंय. वर पाहिलं की माणसाची अक्कल खाली राहते बहुतेक.

सहाशे बारांतले खरे प्रवासी किती असतील? फार तर चाळीस.

प्रतापराव मात्र आभाळाकडे बघत ओठांवरून जीभ फिरवत होते. म्हणाले, इथे जाळं लावलं तर दिवसाला पाच बहिरी ससाणे पडतील. नऊ वर्षं सांभाळलेली त्यांची एक बहिरी इथलीच, असंही म्हणाले. शिकारी तो शिकारीच.

बुधवार, १३ मार्च

रात्रभर तळमळ. सकाळी दुरुस्तीचं पत्र धाडलं. 'सदर आकडा चुकीचा असून तो रद्द समजावा.' सत्तावीस वर्षांतलं पहिलं. पण धाडलं. चुकलं ते चुकलं म्हणावं, आकडा आपल्या अब्रूपेक्षा मोठा.

शुक्रवार, १५ मार्च

कचेरीतल्या माधवरावांची चिठ्ठी, आणि सोबत साहेबांचा हुकूम. आधी चिठ्ठी वाचली, ते बरं झालं. निदान बसून वाचली.

माधवराव लिहितात – साहेब माझा सहाशे बाराचा कागद हातात नाचवत होते. राखीव रानातली तितरं का संपली याचं उत्तर सापडलं म्हणाले! हे शिकारी पक्षीच खातात ती. त्यांनी लगेच टिपण केलं: महिनाअखेर प्रवासी पक्षी हजारावर निघाले तर पुढल्या फाल्गुनापासून दरवर्षी या धारेवर बारा बंदुका बसवायच्या. पंधरा दिवस. दिसेल तो पाडायचा.

मी! मी लाल शाईने लिहिलं होतं. दोनदा अधोरेखित.

मग माझं दुरुस्तीचं पत्र पोचलं आणि साहेब माझ्यावर उखडले. जो माणूस एक घार अकरा वेळा मोजतो त्याचं काय खरं? आता खानेसुमारीसारखा पडताळा घ्यायचा. म्हणजे हुकूम असा – उद्यापासून महिनाअखेर माझी मोजणी नव्याने. प्रतापरावांनी दरीपलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर बसून तेच आभाळ वेगळं मोजायचं. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, वही दाखवायची नाही. दोन वह्या साहेबांपुढेच उघडायच्या. दहात एकाहून जास्त तफावत निघाली तर ज्याचा आकडा खोटा ठरेल त्याची नोकरी गेली, आणि पेन्शनीचं नाव काढायचं नाही.

प्रतापरावांची नजर साहेबांना ठाऊक आहे. खोटा कोण ठरेल ते उघड आहे.

एक मात्र चांगलं. खरे प्रवासी दिवसाला आठ-दहाच. महिनाअखेर दीडशे होतील, फार तर दोनशे. हजार कुठून येणार? नीट मोजायचं, खरं लिहायचं, आणि बंदुका आपोआप टळतात. उगाच जीव घाबरा करून घेतोय.

शनिवार, १६ मार्च

नऊ. प्रतापराव पलीकडच्या सोंडेवर जाऊन बसलेत. अर्ध्या कोसावर. दुर्बिणीतून दिसतात. निघताना हुकूम पाळून बोलले नाहीत, नुसता राम राम केला. मी पण.

रविवार, १७ मार्च

चौदा. त्यातला एक गरुड अगदी माझ्या पातळीवरून गेला. दरीतून वर आला आणि हातभर अंतरावरून – बरं, हातभर नाही, वीस हात म्हणू – मान वळवून त्याने मला पाहिलं. पिवळा डोळा. साहेबांनीसुद्धा मला इतकं नीट कधी पाहिलेलं नाही. मोजायचा राहून जाणार होता, इतका मी दचकलो.

त्या मंगळवारी प्रतापराव सांगत होते, हे हिमालयाच्याही पलीकडे जातात. बर्फ वितळायच्या सुमाराला पोचायचं असतं म्हणून वाटेत खातसुद्धा नाहीत धड. मग तितरं कोण खातं? साहेबांच्या मेजवान्या खातात! हे वहीत लिहिता येत नाही, इथे लिहितो.

सोमवार, १८ मार्च

दोन. वारा पडलाय. आभाळ रिकामं. मन कशातच लागत नाही. उठतो, बसतो, छत्री उघडतो, मिटतो. दहा वेळा चिंचोके मोजले. उद्या पाडवा. घरी सौ. एकटी गुढी उभारणार. सत्तावीस वर्षांत पाडव्याला घराबाहेर असा पहिल्यांदाच.

मंगळवार, १९ मार्च. गुढीपाडवा

लिहू कसं? 

सकाळी कडुनिंबाची चार पानं चावून धारेवर गेलो. सोंडेवर पाहतो तर प्रतापरावांनी गुढी उभी केलेली! बांबू, त्यावर स्वतःचा केशरी फेटा, वर पितळी तांब्या पालथा. उन्हात लखलखत होता. मला बरं वाटलं. बोलायचं नाही असा हुकूम आहे, गुढी उभारायची नाही असा नाही. मी इकडून हात जोडले.

नऊच्या सुमाराला दक्षिणेचा वारा सुटला आणि आले.

आधी पाच-सात. मग वीस. मग दरीवर एक चक्र फिरू लागलं, पन्नास-साठ गरुड एकावर एक चढत होते. त्यांच्या वर दुसरं चक्र, त्याहून वर तिसरं, नुसते ठिपके. वरचे उत्तरेला घसरत होते आणि खालून नवे भरत होते. ससाणे मधूनच बाणासारखे. घारी होत्या, पण इथल्या नव्हेत, त्या पीस तुटक्या बाईंना मी चांगला ओळखतो आता. शंभर चिंचोके साडेबाराला संपले. मी ते उजव्या खिशातून डाव्यात घालून पुन्हा सुरुवात केली. पाणी प्यायलो नाही. छत्री उडून दरीत गेली, जाऊ दे म्हटलं.

दुपारी एकदा दुर्बीण सोंडेकडे वळवली. प्रतापराव बोडक्या डोक्याने उभे होते. बसलेले नाहीत – उभे. मान मागे टाकून, तोंड उघडं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले, माझ्याकडे बघून की आभाळाकडे ते कळलं नाही. मीही हलवले. दोन म्हातारे दोन डोंगरांवर हात हलवतायत! मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. खरंच रडलो. मोजता मोजता रडलो, पण एकही सोडला नाही.

सूर्य खाली गेला तसे थांबले. दोन हजार तीनशे सत्तेचाळीस.

खाली उतरताना पाऊलवाट दिसेना. मग एकदम लक्षात आलं आणि तिथेच कातळावर बसलो. हजार! हजाराची अट. दोन हजार तीनशे सत्तेचाळीस वहीत गेले की पुढच्या पाडव्याला याच धारेवर बारा बंदुका.

वहीत आज काही लिहिलं नाही.

बुधवार, २० मार्च

अकरा. काल जणू काही झालंच नाही. वहीत १९ तारखेची ओळ कोरी.

गुरुवार, २१ मार्च

सात. ओळ कोरी.

सारखी ती पाणीगेटातली रखमाबाई आठवते. गेल्या वर्षी खानेसुमारीच्या वेळी तिचा मुलगा आफ्रिकेत होता. पदर पसरला तिने, "लिहा हो त्याला, दिवाळीत येणार आहे." मी नाही लिहिलं. त्या रात्री घरात जो नाही तो नाही. नियम आहे. ती दारात उभी राहून रडली तरी मी पुढल्या घरात गेलो. जो नव्हता त्याला लिहिलं नाही, याचा मला केवढा अभिमान! आणि आता जे होते, डोळ्यांनी पाहिलेले, त्यांना?

आकडा आपल्या अब्रूपेक्षा मोठा, असं मीच लिहिलंय आठ दिवसांपूर्वी. वाचून राग आला. पान फाडणार होतो.

शुक्रवार, २२ मार्च

सहा. जेवण गेलं नाही. खरं लिहिलं तर नोकरी राहते, पेन्शन मिळते, पक्षी मरतात. खोटं लिहिलं तर पक्षी– छे! खोटं लिहूनही मरतातच की! प्रतापराव खरं लिहिणार. त्यांचा आकडा धरला जाणार. बंदुका यायच्या त्या येणारच, आणि मी जाणार तो वेगळाच. म्हणजे खोटं लिहिण्यात शहाणपण काडीचं नाही.

तरी लेखणी त्या ओळीवर टेकत नाही. इतकं साधं गणित, आणि हात ऐकत नाही.

शनिवार, २३ मार्च

लिहिलं. '१९ मार्च. धुळीचे वादळ. दिवसभर काही दिसले नाही.'

निदान माझ्या हातून तरी नको.

रविवार, २४ मार्च

गाढव आहे मी, शुद्ध गाढव! अर्ध्या कोसावर प्रतापरावांच्या डोक्यावर लख्ख ऊन, आणि माझ्या एकट्याच्या डोक्यावर वादळ? त्यांचा तांब्या चमकत होता तो कशाने? 'प्रकृती बरी नव्हती' असं तरी लिहायचं. पण शाई वाळली, आणि खाडाखोड मी आजवर केलेली नाही. आता काय करायची!

आजचे तेरा.

बुधवार, २७ मार्च

रामनवमी. पाच. सोंडेवर गुढीचा बांबू अजून तसाच आहे, फेटा काढलाय. दुर्बिणीतून पाहिलं तर प्रतापराव वहीत काही लिहीत होते. बराच वेळ. मी दुर्बीण खाली ठेवली.

रविवार, ३१ मार्च

मोजणी संपली. माझी बेरीज एकशे चौदा. सत्तावीस वर्षांतली पहिली खोटी बेरीज, आणि बघा, किती सुबक अक्षरात आली.

परतीच्या गाडीत प्रतापराव मुद्दाम दुसऱ्या डब्यात बसले. हुकूम. डभोईला चहाला उतरलो तर समोरासमोर आलो. जाऊन पाय धरावेत असं मनात आलं. सांगावं की बाबा रे, तो दिवस लिहू नकोस. पण कुठल्या तोंडाने? जन्मभर पक्षी धरलेला माणूस तो. आणि त्याच्या मोलाची आज साहेबांपुढे तेवढी एकच गोष्ट उरलीय, ती म्हणजे त्याची नजर. त्यांनी राम राम केला. गळ्याभोवती लोकरीचा मफलर होता, या उकाड्यात! आजारी असावेत.

मंगळवार, २ एप्रिल

बडोदे. सौ.ला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती पेन्शनीवरून डोकं धरून बसेल. ती माझ्या मानेला तेल चोळत होती. एकोणीस तारखेपासून मान धरलीय, ना उजवीकडे वळते ना डावीकडे. चोळता चोळता म्हणाली, "दोन हजार तीनशे सत्तेचाळीस. मला नेलं असतंत तर?" एवढंच.

गुरुवारी वह्या उघडायच्या आहेत.

गुरुवार, ४ एप्रिल

माझे एकशे चौदा. प्रतापरावांचे एकशे सहा. साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि एकोणीस तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं. माझ्याकडे धुळीचं वादळ. त्यांच्याकडे मोडीत, थोराड अक्षरात: 'पाडवा. सणाची सुटी. मोजणी केली नाही.'

साहेबांनी विचारलं, त्या दिवशी वादळ होतं का हो खरंच?

प्रतापराव म्हणाले, "सणाच्या दिवशी आभाळाकडे कोण बघतंय, साहेब?"

त्यांच्या गळ्याला तोच मफलर होता. माझ्याकडे बघायला त्यांना आख्खं अंग वळवावं लागलं. मलाही.